एकसष्ट फायली आणि एक सही

"...मग तुम्हीच सांगा ना सर, एकसष्ट पोरांच्या डोक्यात एकच प्रोग्रॅम, जसाच्या तसा, कसा उगवेल?"

प्राध्यापक रणजित खराडे हा प्रश्न चौथ्यांदा विचारत होते. पहिल्यांदा त्यांनी तो फाटकापाशी विचारला, दुसऱ्यांदा चपला काढताना, आणि तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या नको म्हणताना.

उकिडवे सर ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. वय सत्त्याहत्तर. ऐकायला उत्तम येत होतं, पण उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे.

"उगवणार नाही," ते म्हणाले.

"म्हणजे छापलंय!"

"छापलंय."

खराड्यांना जरा बरं वाटलं. दोन दिवसांपासून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती आणि तिच्यावर फुंकर घालणारं कुणी भेटत नव्हतं.

उकिडवे सर म्हणजे त्यांचे गुरू. कराडच्या त्या कॉलेजात संगणक विभाग सरांनी सुरू केला आणि त्याच विभागाचे प्रमुख आज खराडे होते. सरांच्या हाताखाली शिकलेला माणूस प्रॅक्टिकलच्या फाईलचं नाव काढलं तरी अजून दचकतो. प्रोग्रॅममध्ये खोट दिसली की सर फाईल खिडकीबाहेर भिरकावत, आणि मुलगा ती जास्वंदीच्या झुडपातून शोधून आणी. खराड्यांची फाईल तीनदा जास्वंदीत गेली होती. हे ते चारचौघांत छाती काढून सांगत. का गेली होती, तेवढं सांगायचं राहून जाई.

सरांचा राग आपल्याकडे वारशाने आला, अशी त्यांची समजूत होती. आला होता खरा. पण नुसता रागच आला होता.

"या वर्षी कॉलेजात नवं सॉफ्टवेअर घेतलं, सर. मी मागे लागून घ्यायला लावलं. पोरांचे प्रोग्रॅम त्यात घातले की कुणी कुणाचं किती छापलंय ते टक्क्यांत दाखवतं. वर्गात चौसष्ट पोरं. एकसष्ट जण नव्वद टक्क्यांच्या वर!"

"आणि तिघं?"

"त्यांनी फाईलच दिलेली नाही."

"म्हणजे प्रामाणिक तेवढे तिघंच," सर म्हणाले.

खराडे हसले नाहीत. हसायच्या मनःस्थितीत ते नव्हतेच. त्यांनी बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला, शेवटचं पान उघडलं आणि सरांच्या पुढ्यात धरलं.

"चौकशी समितीचा अहवाल आहे. एकसष्ट जणांची टर्म नामंजूर. वर्ष जाईल, जाऊ दे. फुकटे सगळे! प्राचार्यांची सही झाली, माझी झाली. समितीवर बाहेरचा सभासद म्हणून तुम्ही आहात. आज पाचच्या आत विद्यापीठाकडे धाडायचंय."

त्यांनी रिकाम्या जागेशेजारी अंगठा ठेवला.

"इथे, सर."

सर त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"फायली आणल्यास?"

"गाडीत आहेत. पण त्या कशाला? सगळ्या सारख्याच आहेत."

"आण."

"सर, दोन वाजलेत..."

"आण म्हणतो ना."

खराड्यांनी दोन खोकी उचलून आणली. येताना एक पायरीवर आपटलं आणि त्यांनी एकसष्ट पोरांना मनातल्या मनात आणखी एक शिवी हासडली.

सरांनी पहिली फाईल मांडीवर घेतली. दवाखान्यातल्या रांगेचा प्रोग्रॅम होता तो. पेशंट आला की त्याचं नाव रांगेत शेवटी लावायचं, डॉक्टरांनी बोलावलं की पहिल्याचं नाव काढायचं. साधा सोपा. सर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले.

पाच मिनिटं गेली.

खराड्यांनी घड्याळ पाहिलं.

आणखी पाच.

"सर, मशीनने सगळं तपासलंय."

"मशीनला सही मागायची मग."

एका ओळीवर सरांचं बोट थांबलं. प्रोग्रॅम लिहिणारा कधीकधी मधेच स्वतःसाठी एखादी टीप लिहून ठेवतो. मशीन ती ओळ सोडून पुढे जातं, ती वाचायची माणसाने. टीप इंग्रजी अक्षरांत होती, पण भाषा शुद्ध मराठी.

"वाच."

खराडे वाकले. "इथं चुकतंय. उद्या बघू."

"दुसरी उघड."

दुसऱ्या फाईलमध्ये तेच पान, तीच ओळ. इथं चुकतंय. उद्या बघू.

"सातवी."

सातवीतही तेच. विसावीतही. खराडे आता भराभरा फायली उघडत सुटले. त्यांचा चेहरा उजळला. पोरांनी प्रोग्रॅममधली नावं बदलली होती, अक्षरांचा आकार बदलला होता, कुणी तर पानाला फुलांची किनार काढली होती, पण ही ओळ कुणाच्याच नजरेला पडली नव्हती.

"पुरावा, सर! याहून मोठा पुरावा काय पाहिजे? गाढवांनी टीपसुद्धा छापली! आपण काय छापतोय ते वाचायचे कष्टसुद्धा नकोत यांना! यांना इंजिनिअर व्हायचंय! उद्या यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर दवाखाने चालायचेत!"

"खरं आहे," सर म्हणाले. "वाचायचे कष्ट घेतले नाहीत."

आणि त्यांनी बोट पानाच्या तळाशी नेलं.

तिथे लाल शाईची बरोबरची खूण होती. तिच्याखाली 'तपासले'. त्याखाली तारीख. त्याखाली एक लफ्फेदार सही.

"हे कुणाचं अक्षर?"

खराड्यांनी आपली सही ओळखली.

"दुसरी उघड. सातवी उघड."

"सर, चार वर्ग आहेत माझ्याकडे. एकेकाचे बारा प्रोग्रॅम. वर कॉलेजच्या तपासणीची कागदपत्रं, प्रवेशाची कामं, प्राचार्यांची पत्रं. सबमिशनच्या आठवड्यात पोरं केबिनबाहेर ही गर्दी करतात. सहीचं पान उघडून धरतात. माणूस सह्या करत जातो..."

"मग 'सही केली' असं लिहायचं." सरांचा आवाज चढला. "'तपासले' का लिहिलंस?"

बऱ्याच वर्षांनी तो आवाज ऐकून खराड्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. वय त्रेचाळीस, विभागप्रमुख. पण बटण लागलेलं आहे ना, ते त्यांनी चाचपून पाहिलंच.

मग त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो लगेच पोरांवर गेला.

"माझं चुकलं असेल, सर. मान्य. पण म्हणून त्यांनी छापलेलं माफ होतं का?"

"माफ करा असं कुणी म्हटलंय?"

सर पुन्हा वाचायला लागले. एकेक फाईल. पुन्हा पहिल्या ओळीपासून. खराडे ओसरीवर येरझारा घालू लागले. तीन वाजले. आतून चहा आला, त्यांनी तो उभ्यानेच घेतला. फाईल संपली की सर ती डाव्या बाजूला ठेवत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आणि पुढची घेत. ते पुटपुटणं आशीर्वादाचं नव्हतं, एवढं खराड्यांना कळत होतं.

बेचाळिसाव्या फाईलपाशी सर थांबले. पान पुन्हा वाचलं. मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"तहसीन शिकलगार," त्यांनी नाव वाचलं. "ही तुझ्या यादीत आहे?"

"आहे. शहाण्णव टक्के."

"आणि उरलेले चार?"

"चार टक्क्यांना काही अर्थ नसतो, सर. तेवढं सगळ्यांचंच इकडेतिकडे होतं."

सरांनी फाईल त्यांच्या पुढे केली. तीच टीप. इथं चुकतंय. उद्या बघू. पण तिच्याखाली तीन ओळी जास्त होत्या, आणि त्या तीन ओळींखाली आणखी एक टीप.

"सापडलं," खराड्यांनी वाचलं.

खाली लाल खूण होती. तपासले. लफ्फेदार सही.

खराडे खुर्चीत बसले. मग एकदम उभे राहिले.

"म्हणजे मूळ प्रोग्रॅम हिचा! हिने लिहिला, चूक राहिली, बाकीच्यांनी तेव्हाच उचलला, आणि हिने नंतर दुरुस्त केला. सर, चोर सापडलेच होते, आता घरमालकही सापडला!"

"विचार तिला."

खराड्यांनी वर्गाच्या यादीतून नंबर काढून फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे सरांनाही ऐकू जावं.

"शिकलगार? खराडे सर बोलतोय. तो दवाखान्याच्या रांगेचा प्रोग्रॅम तू स्वतः लिहिलास ना?"

"नाही, सर."

"काय?"

"एका सिनिअरच्या फाईलमधून घेतला. पण सर, मी नंतर घरच्यांची नावं टाकून बघत होते, तर शेवटी अब्बांचं नाव टाकलं आणि..."

"ते राहू दे! छापलंस की नाही तेवढं सांग."

"छापला, सर. त्या फाईलवर तुमची सही होती. तपासले लिहिलेलं. म्हणून वाटलं बरोबर असेल."

खराड्यांचे कान तापले. सर वर बघत नव्हते.

"आणि बरोबर नाही हे कळल्यावर सांगितलं का नाहीस मला?"

"आले होते, सर. सबमिशनच्या दिवशी. तुम्हाला म्हटलं, यात एक चूक आहे, दाखवू का. तुम्ही म्हणालात, फाईल पूर्ण आहे ना, मग दे इकडे. आणि सही केलीत."

खराड्यांना काही आठवलं नाही. त्या दिवशीचा एकही चेहरा त्यांना आठवत नव्हता.

"सर..." पलीकडचा आवाज बारीक झाला. "यादीत माझंही नाव आहे असं ऐकलं. टर्म गेली की हॉस्टेलची जागा जाते. हॉस्टेल गेलं की घरचे परत पाठवणार नाहीत. मी छापलंय ते खरंच आहे. पण एकदा विचारून घ्या म्हणजे झालं, कुठलंही विचारा."

"बघतो," असं म्हणून खराड्यांनी फोन ठेवला.

खराड्यांच्या मनात संतापाचा नुसता गोंधळ उडाला होता. पोरीवर चिडावं, तर ती धडधडीत खरं बोलली होती. मशीनवर चिडावं, तर ते हट्टाने आपणच आणवलेलं. सरांवर चिडायची सोय नव्हती.

"छापलंय म्हणाली," ते शेवटी म्हणाले. "आपल्या तोंडाने. राहू दे यादीत."

"बाकीचे साठ काय म्हणाले?"

"सगळे म्हणतात, स्वतः लिहिलंय. शपथा घेतात."

"हं..."

खराड्यांनी यादी ओढली. पेन उघडलं. बेचाळिसाव्या नावावर पेन टेकवलं.

"ठीक आहे. काढतो तिचं नाव."

"का?"

"खरं बोलली म्हणून."

"खरं बोलल्याबद्दल प्रोग्रॅमिंगची टर्म देतोस? हा सदाचाराचा पेपर आहे?"

"मग... तिने चूक शोधली म्हणून."

"कुठली चूक?"

खराड्यांनी यादीत डोकं घातलं.

"कुठली चूक, रणजित?" सरांनी हातातली फाईल खोक्यावर आपटली. धूळ उडाली. "नाव घातलंस तेव्हा वाचलं नाहीस. सही केलीस तेव्हा वाचलं नाहीस. आता दया आली, तर न वाचता नाव काढायला निघालास! एका पोरीचं घर की शिक्षण ते ठरतंय इथे, आणि तू अंदाजाने पेन चालवतोस! अरे, त्या साठ जणांनी तरी याच्याहून वेगळं काय केलं?"

पेन खराड्यांच्या हातात तसंच राहिलं. सरांना दम लागला होता. त्यांनी तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलं आणि तोंड पुसलं.

"तू लिही," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "अहवालात लिही. एकसष्ट जणांना एकेक करून समोर बसवायचं. प्रोग्रॅम पुढे ठेवायचा आणि विचारायचं, यात कुठं चुकतंय. ज्याला दाखवता येईल त्याची टर्म मंजूर. मग त्याने छापलेलं असो नाहीतर स्वप्नात बघितलेलं असो."

"आणि ज्याला दाखवता येणार नाही?"

"त्याची टर्म गेली. मी डोळे झाकून सही करतो."

खराड्यांना हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, आवडलं. यात शिस्त होती, आणि साठ जणांना धडा होता. त्यांनी भराभर लिहून काढलं आणि कागद पुन्हा सरांपुढे धरला. या वेळी अंगठा ठेवला नाही.

"उद्याच सुरू करतो, सर."

"आजच कर. पहिला तू बस."

"मी?"

"तपासणारा कोण आहे? ज्याला चूक माहीत नाही तो दुसऱ्याला काय विचारणार? काढ तुझा लॅपटॉप."

खराड्यांना वाटलं सर चेष्टा करतायत. पण सरांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. त्यांनी लॅपटॉप उघडला. पहिल्याच पोराचा प्रोग्रॅम सुरू केला.

"तीन नावं टाक."

टाकली.

"तिघांना आत बोलाव."

एकामागून एक तिन्ही नावं पडद्यावर आली आणि रांगेतून गेली. अगदी बरोबर. खराड्यांनी सरांकडे बघितलं.

"आता चौथा माणूस आला. टाक त्याचं नाव."

टाकलं.

"बोलाव त्याला."

खराड्यांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. रांगेत कोणी नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. रांगेत कोणी नाही.

"पण आताच तर नाव टाकलं..."

"तो बसलाय बाकावर," सर म्हणाले. "ताप आहे अंगात. कुठं चुकतंय ते शोध."

खराडे शोधू लागले. नऊ वर्षं ते हाच विषय शिकवत होते. त्यांच्याकडे फळ्यावर दाखवायची एकशेचाळीस चित्रं तयार होती, रांगेची तर त्यातली अकरा. चित्रातली रांग कधी बिघडलेली नव्हती. नाव कसं लागतं ते त्यांना पाठ होतं, नाव कसं निघतं तेही पाठ होतं. रांग पूर्ण रिकामी झाल्यावर पुढच्याचं काय होतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी एक ओळ बदलली. प्रोग्रॅम बंद पडला. ओळ परत होती तशी केली.

दुसरी बदलली. आता तिसराही माणूस आत जाईना.

सव्वाचार झाले. कपाळावर घाम आला. प्राचार्यांचा फोन आला आणि खराड्यांनी तो न उचलताच कापला. आधी त्यांना सरांचा राग आला, या वयात माणसाला असं ओसरीवर परीक्षेला बसवतात म्हणून. मग त्या कुठल्याशा सिनिअरचा आला, ज्याने उद्या बघू म्हणून ठेवलं आणि पास होऊन निघून गेला. मग सगळे राग एकेक करून ओसरून गेले आणि एकच उरला. तो कुणावर ढकलता येत नव्हता.

साडेचार.

सर भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले दिसत होते.

बेचाळिसावी फाईल खोक्यावर होती, हाताच्या अंतरावर. तिच्यात तीन ओळी होत्या. फक्त तीन. बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मग नाव खोडता आलं असतं, अहवाल वेळेत गेला असता, पोरगी वाचली असती. चांगल्या कामासाठीच तर बघायचं होतं.

खराड्यांनी हात लांब केला. आवाज न करता फाईलचं पुठ्ठ्याचं कव्हर उचललं...

सरांचा तळवा त्याच्यावर येऊन पडला.

कव्हर मिटलं.

खराड्यांनी वर पाहिलं नाही. वर बघवेना. कितीतरी वेळ दोन हात त्या फाईलवर तसेच राहिले, एक सुरकुतलेला आणि एक लाल शाईचे डाग पडलेला.

"सर... मला येत नाही."

सरांनी आपला हात काढला नाही. दुसऱ्या हाताने खराड्यांचा फोन उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"लाव तिला. विचार, सवड असेल तर मला शिकवशील का."